दहापैकी दहा, दुसऱ्या डावात

२१ एप्रिल २०१८. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विद्यापीठीय महिला जिम्नॅस्टिक्सची राष्ट्रीय अंतिम फेरी सुरू होती. सहा संघ, चार साधनं, दर साधनावर दर संघाच्या सहा मुली. म्हणजे एका संध्याकाळी कसरतींचे १४४ संच. ते संपत आले तरी विजेतेपद अधांतरीच होतं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाची शेवटची मुलगी बीमवर, म्हणजे अरुंद आडव्या तुळईवर, चढली. क्रिस्टीन पेंग-पेंग ली, वय चोवीस, मूळची कॅनडाची. तिने संच पूर्ण केला, हवेतून खाली आली आणि पाय गादीला टेकले ते टेकलेच. पंचांनी दहापैकी दहा गुण दिले. यूसीएलएची बेरीज झाली १९८.०७५. ओक्लाहोमा विद्यापीठाची होती १९८.०३७५.

फरक ०.०३७५. उतरल्यावर पाऊल थोडंसं सरकलं तरी या खेळात ०.०५ गुण कापले जातात, एवढं सांगितलं की हा आकडा किती लहान आहे ते कळतं. संघाच्या बेरजेत चोवीसपैकी वीस संच धरले जातात. त्या विसांपैकी कुठल्याही एका संचात यूसीएलएच्या कुठल्याही एका मुलीचं पाऊल चार बोटं सरकलं असतं, तर करंडक ओक्लाहोमाला जाऊ शकला असता. हे गणित कितीही वेळा मांडलं तरी थक्क व्हायला होतं.

आपल्याकडे जिम्नॅस्टिक्स म्हटलं की चार वर्षांतून एकदा येणारं ऑलिंपिक आठवतं. अमेरिकेत मात्र जानेवारी ते एप्रिल या काळात, जवळजवळ दर आठवड्याला, विद्यापीठांच्या मुलींचे सामने होतात. दोन संघ समोरासमोर, दोनेक तासांचा खेळ, आणि प्रेक्षक हजारोंनी. यूटा विद्यापीठात तर पंधरा हजारांचं सभागृह भरतं. १९८२ पासून चालत आलेल्या या राष्ट्रीय स्पर्धेचं सांघिक विजेतेपद २०२५ पर्यंत फक्त आठ विद्यापीठांना मिळालंय. यूटा आणि जॉर्जिया ही त्यातली मोठी घराणी. यूसीएलएची विजेतेपदं सात: १९९७, २०००, २००१, २००३, २००४, २०१० आणि २०१८. आकड्यांत हा संघ पहिला नाही. पण मोठ्या स्पर्धांनी दमवलेल्या, दुखावलेल्या मुलींना दुसरा डाव कसा मिळतो, हे पाहायचं असेल तर मी याच संघाकडे बोट दाखवीन.

आधी तो ‘दहा’ समजून घेऊ, कारण सगळी गंमत त्यात आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीला पूर्ण दहा गुण मिळाले, तेव्हा गुणफलकावर १.०० असा आकडा उमटला. दहा दाखवण्याची सोयच त्या फलकात नव्हती. पुढे तीस वर्षं दहा हे या खेळाचं शिखर राहिलं. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ती पद्धत मोडीत काढली. आता संचाच्या काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे, दोन्हींची बेरीज, आणि काठिण्याला वरची मर्यादा नाही. २०१६ मध्ये रिओत आपल्या दीपा कर्माकरचं कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं तेव्हा तिचे गुण होते १५.०६६. आपण सगळे हळहळलो खरे, पण १५.०६६ म्हणजे नेमके किती चांगले, हे घरी टीव्हीपुढे बसलेल्या किती जणांना सांगता आलं असतं?

विद्यापीठांच्या स्पर्धेने मात्र जुना दहा सोडला नाही. ठरावीक कठीण कसरती संचात घातल्या की तो संच दहापासून सुरू होतो आणि मग चुकीगणिक गुण कमी होत जातात. गुडघे सुटले, चवडा ताणलेला राहिला नाही, हँडस्टँड उभ्या रेषेतून कलला, बीमवर अंग डगमगलं: प्रत्येकाची किंमत ठरलेली. पडलं तर अर्धा गुण गेला. मात्र दहाच्या वर आणखी धोकादायक कसरत घातली तरी एका दशांशाचाही फायदा नाही. माझ्या मते या नियमात फार मोठं शहाणपण आहे. जास्त गुणांसाठी जास्त जीव धोक्यात घालण्याची हाव त्याने मुळातच काढून टाकली. मुलीपुढे काम उरतं ते एकच: जे येतं ते निर्दोष करणं.

दुसरा नियम सांघिक आहे. सहा मुली उतरतात, पण बेरीज चांगल्या पाचांचीच. एक मुलगी पडली तर बाकीच्या पाच जणी तिची चूक पोटात घेतात. दुसरी पडली की मात्र संघ भरडला जातो. पाच मुली, चार साधनं, कमाल दोनशे गुण. १९८ गुणांचा संघ म्हणजे वीस संचांची सरासरी ९.९. त्या सेंट लुईसच्या संध्याकाळी यूसीएलए आणि ओक्लाहोमा यांच्यात सरासरीने एका संचामागे फरक पडला तो दोन सहस्रांशांहूनही कमी.

हे सहस्रांश जिथे मिळतात किंवा जातात ते ठिकाण बहुतेक वेळा उतरण्याचं असतं, म्हणून ते जरा जवळून पाहू. बार्सच्या दोन आडव्या दांड्यांपैकी वरचा जमिनीपासून अडीच मीटरवर असतो. मुलगी झोका घेऊन दांडा सोडते त्या क्षणी तिच्या अंगात दोन गती असतात: एक पुढे फेकली जाण्याची, दुसरी स्वतःभोवती फिरण्याची. हात सुटले की फिरण्याचा साठा ठरून गेला. हवेत रेटा द्यायला काहीच नाही, त्यामुळे तो वाढवता येत नाही आणि घटवताही येत नाही. तिच्या हातात एकच गोष्ट उरते, शरीराचा आकार. गुडघे छातीशी ओढले की फिरकी वेगवान होते, अंग लांब केलं की मंदावते. दोन कोलांट्या पूर्ण होता होता डोळ्यांना निमिषभर गादी दिसते आणि त्या निमिषात अंग कधी उघडायचं हे ठरवावं लागतं. फार लवकर उघडलं तर फिरणं अपुरं राहतं, उशिरा उघडलं तर ते गरजेपेक्षा जास्त होतं. मग पाय टेकतात. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार घोट्यांवर आणि गुडघ्यांवर येतो, आणि उरलेल्या दोन्ही गतींचा हिशेब तिथल्या तिथे शून्यावर आणायचा असतो, पाऊल न उचलता. हे सगळं दांडा सोडल्यापासून सव्वा-दीड सेकंदात. पंचांची नजर पावलांवर, प्रेक्षकांची पावलांवर, आणि कडेला उभ्या असलेल्या संघातल्या मुलींचे श्वासही तिथेच अडकलेले.

बीमवर तर उतरण्याआधीच नव्वद सेकंदांपर्यंत तोल सांभाळायचा असतो. पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदीला फक्त दहा सेंटिमीटर; वीतभरही नाही. त्यावर मुली मागे कोलांट्या घेतात, म्हणजे पाय जिथे टेकायचे ती जागा पाय निघताना दिसतही नसते.

असल्या खेळाचे मुलींचे संघ विद्यापीठांत उभे राहिले, त्याच्या मुळाशी १९७२ चा एक कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शैक्षणिक उपक्रमात स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. हा कायदा घडवणाऱ्यांत हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक होत्या. नवल असं की कायद्याच्या मूळ वाक्यात खेळाचा शब्दही नाही. तरीही अमेरिकेतल्या महिला क्रीडेचं चित्र त्या एका वाक्याने पालटलं. मुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, प्रशिक्षक आले, सभागृहं उघडली. विद्यापीठीय खेळांची मोठी संघटना एनसीएए सुरुवातीला मुलींच्या वाट्यालाच जात नव्हती. त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना घेई. त्या स्पर्धेत १९८० मध्ये यूसीएलएच्या शॅरन शपिरोने चारही साधनांची आणि एकत्रित गुणांचीही अशी पाचच्या पाच वैयक्तिक पदकं जिंकली. पाचही! मग १९८२ मध्ये एनसीएएने महिला जिम्नॅस्टिक्सची स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि पहिली पाच वर्षं सलग यूटानेच ती जिंकली.

यूसीएलएचं घर म्हणजे विद्यापीठाच्या आवारातलं पॉली पॅव्हेलियन. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं जिम्नॅस्टिक्स इथेच झालं. अमेरिकेच्या मेरी लू रेटनने इथेच रुमानियाच्या एकातेरिना साबोला ०.०५ गुणांनी मागे टाकलं. अमेरिकेच्या पुरुष संघानेही इथेच चीनला हरवून सुवर्ण मिळवलं, आणि त्या संघातले तिघे, पीटर विडमार, टिम डॅगेट आणि मिच गेलॉर्ड, यूसीएलएचेच. आपल्या विद्यापीठाच्या सभागृहात ऑलिंपिक सुवर्ण! पण पुढे दहा वर्षांत खर्चकपातीच्या काळात विद्यापीठाने पुरुषांचा तो संघच बंद केला. मुलींचा संघ टिकला, वाढला, आणि १९९७ मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. मुलींची भरभराट पाहताना ती बंद झालेली दुसरी शाखा मला विसरता येत नाही. २०१९ मध्ये ज्यांनी महिला संघाची सूत्रं हाती घेतली ते ख्रिस वॉलर त्याच पुरुष संघातून घडलेले, १९९२ चे ऑलिंपिकपटू.

१९९७ च्या त्या विजयामागे उभी होती ती बाई मात्र आयुष्यात कधी जिम्नॅस्टिक्स खेळलेली नव्हती. व्हॅलरी कोंडोस फील्ड, मुलींच्या लाडक्या ‘मिस व्हॅल’, बॅले नर्तिका होत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोअरच्या, म्हणजे मोकळ्या गादीवरच्या, संचांचं नृत्य बसवायला त्या यूसीएलएत आल्या आणि १९९१ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाल्या. सुरुवातीला त्यांनी इतर यशस्वी प्रशिक्षकांची नक्कल केली. कडक बोलणं, धाक, जरब. त्याने काहीच साधलं नाही, उलट मुली दुरावल्या. राजीनामा देण्यापर्यंत पाळी आली असताना त्यांच्या हाती जॉन वूडन यांचं पुस्तक पडलं. वूडन हे यूसीएलएचे बास्केटबॉलचे महान प्रशिक्षक, दहा राष्ट्रीय विजेतेपदांचे धनी. यश म्हणजे आपण आपल्याकडून होईल तेवढं सगळं केलं हे समाधान, असं त्यांचं म्हणणं. मिस व्हॅलनी ते मनावर घेतलं, पुढे वूडन यांच्याशी त्यांचा घरोबाही जमला. ज्या बाईंना कसरत शिकवता येत नव्हती त्यांनी मुलींचं ऐकून घ्यायला सुरुवात केली, आणि नृत्य तर त्यांच्याजवळ होतंच. त्यांच्या काळात यूसीएलएचा फ्लोअर ओळखू येई तो नाचामुळे. दोन कोलांट्यांमधला वेळ बाकीच्यांसाठी दम खायचा. इथे तोच खरा खेळ. २०१९ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा सातही विजेतेपदं त्यांच्या नावावर होती.

या संघातून गेलेल्यांत एक नाव आपल्या कानाला लगेच ओळखीचं वाटेल: मोहिनी भारद्वाज. फिलाडेल्फियात जन्मलेली, वडील मूळचे भारतातले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या संघात तिला जागा मिळाली नाही आणि ती यूसीएलएत शिकायला आली. २००० आणि २००१ च्या विजेत्या संघांत ती होती. पहिल्या वर्षी बार्सचं आणि दुसऱ्या वर्षी फ्लोअरचं वैयक्तिक विजेतेपदही तिने मिळवलं. पदवीनंतर बहुतेक जणी थांबतात. मोहिनीने थोड्या विसाव्यानंतर पुन्हा ऑलिंपिकचा ध्यास घेतला. सरावाला पैसे नव्हते म्हणून तिने सोडतीची तिकिटं विकायला काढली, आणि ती गोष्ट कानावर आल्यावर अभिनेत्री पामेला अँडरसनने तिला वीस हजार डॉलर दिले. २००४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, म्हणजे या खेळाच्या भाषेत अगदी आजीबाईच्या वयात, ती अथेन्सला अमेरिकेच्या संघातून उतरली. सांघिक अंतिम फेरीत एका सहकारी मुलीला दुखापतीमुळे बीमवर जाता येईना, तेव्हा ऐनवेळी मोहिनीला उभं करण्यात आलं. तिने संच तडीस नेला. संघाला रौप्य मिळालं.

तिच्या मागोमाग आलेली जेमी डँटशर सिडनी ऑलिंपिकहून यूसीएलएत आली. सिडनीत तिचा संघ चौथा होता. चीनच्या एका खेळाडूचं वय कमी असल्याचं सिद्ध झाल्यावर तब्बल दहा वर्षांनी, २०१० मध्ये, तिच्या संघाला कांस्य मिळालं. यूसीएलएसाठी तिने अठ्ठावीस वेळा पूर्ण दहा मिळवले. २०१६ मध्ये राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराबद्दल सुरुवातीलाच दावा दाखल करणाऱ्यांत ती होती. त्यानंतर शेकडो जणी पुढे आल्या आणि तो जन्मभरासाठी तुरुंगात गेला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची सुवर्णविजेती कायला रॉस आणि २०१६ च्या रिओची मॅडिसन कोशियन याही २०१८ मध्ये बोलत्या झाल्या, तेव्हा दोघी यूसीएलएच्या संघात होत्या. मोठ्या पदकांच्या आड काय काय दडलेलं असतं हे या मुलींनी जगाला सांगितलं. ज्या संघात आपलं ऐकून घेतलं जातं तिथे त्या होत्या, हा मला योगायोग वाटत नाही.

केटलिन ओहाशीची गोष्ट बहुतेकांना तिचं नाव न कळताच माहीत असेल. पंधराव्या वर्षी, २०१३ च्या अमेरिकन कप स्पर्धेत, ती पहिली आली आणि सिमोन बाइल्स दुसरी. त्यानंतर पाठ आणि खांद्याच्या दुखापतींनी तिची ऑलिंपिकची वाट बंद केली. शरीरावरून सतत ऐकवलेल्या बोलांनी ती इतकी खचली होती की दुखापत ही तिला सुटकाच वाटली, असं ती पुढे मोकळेपणाने सांगत आली. यूसीएलएत आली तेव्हा पुन्हा मोठं व्हायची तिला इच्छाही नव्हती. १२ जानेवारी २०१९ रोजी तिने फ्लोअरवर मायकल जॅक्सन, टीना टर्नर यांच्या गाण्यांच्या तुकड्यांवर जो संच केला तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. उंच उडी घेऊन ती पाय पसरून थेट स्प्लिटमध्ये जमिनीवर उतरते आणि चेंडूसारखी उसळून पुन्हा उभी राहते. ते पाहून आपण चुकचुकतो, तोवर ती हसत पुढच्या नाचात गेलेली असते. कडेला उभा अख्खा संघ तिच्याबरोबर तेच हातवारे करतोय. गुण अर्थातच दहा.

पेंग-पेंग लीसुद्धा अशीच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि कॅनडाच्या संघातली जागा गेली. यूसीएलएत आल्यावर पहिले दोन मोसम गुडघ्यापायी बसून काढावे लागले. नियमाने तिला वाढीव वर्षं मिळाली म्हणून ती सहाव्या वर्षापर्यंत संघात राहिली. आणि त्या अंतिम फेरीत एक नव्हे, बार्सवर आणि बीमवर असे दोन दहा तिने मिळवले.

मिस व्हॅल गेल्यानंतरचा काळ सोपा नव्हता. संघात आतून वादळं उठली, २०२१ आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतही मजल गेली नाही. २०२२ मध्ये जनेल मॅक्डॉनल्ड प्रशिक्षक झाल्या आणि घडी हळूहळू बसत गेली. २०२५ मध्ये फोर्ट वर्थच्या अंतिम फेरीत यूसीएलए दुसरा आला: १९७.६१२५, ओक्लाहोमाच्या १९८.०१२५ च्या मागे.

या नव्या संघाची मोठी खेळाडू जॉर्डन चाइल्स. तिच्याबाबतीत पहिला आणि दुसरा डाव असे दोन वेगळे उरलेच नाहीत. पूर्वी जाहिरातीचे पैसे घेतले की विद्यापीठाकडून खेळायचा हक्क जायचा, त्यामुळे ऑलिंपिक पदकविजेतीला कमाई किंवा कॉलेज यातलं एकच निवडावं लागे. २०२१ मध्ये तो नियम बदलला. चाइल्स टोकियो ऑलिंपिकचं सांघिक रौप्य घेऊन यूसीएलएत आली, २०२३ मध्ये बार्स आणि फ्लोअरची विद्यापीठीय विजेती झाली, एक मोसम रजा घेऊन पॅरिस ऑलिंपिकच्या तयारीला गेली, जुलै २०२४ मध्ये तिथे सांघिक सुवर्ण जिंकलं, आणि पुढच्या जानेवारीत पॉली पॅव्हेलियनमध्ये प्रिन्सच्या गाण्यांवर नाचायला हजर झाली. एप्रिलमध्ये बार्सचं विजेतेपद पुन्हा तिचंच. त्याच संघात एमा मालाबुयो होती. तीही पॅरिसला फिलिपिन्सकडून खेळून आलेली. ऑलिंपिकहून आलेल्या या मुली आठवडाभर वर्गात बसत होत्या आणि सामन्याच्या दिवशी सहातल्या एक होऊन रांगेत उभ्या राहत होत्या.